‘दमलेला वाटला’

नागपूरच्या जिल्हा कोर्टात लतिका देव अकरा वर्षं स्टेनोग्राफर होत्या. साक्षीदार बोलला ते सोडून त्याला काय म्हणायचं असावं ते लिहिणं, याची त्यांना चीड होती. नव्वद साली नवऱ्याबरोबर, संजीवबरोबर, त्या कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आल्या आणि एका डेंटिस्टकडे फोन घेऊ लागल्या. २००२ मध्ये संजीवची चिप कंपनीतली नोकरी गेली आणि तिच्याबरोबर हेल्थ इन्शुरन्सही. छातीत दुखायचं, ते त्याने नवी नोकरी लागेपर्यंत म्हणून अंगावर काढलं. नोकरी लागली नाही. पुढच्या मार्चमध्ये तो गेला.

२००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लतिकाकाकू पहिल्यांदाच अमेरिकेत मत देणार होत्या. कोणाला, ते ठरत नव्हतं. एका स्थानिक चॅनेलला असेच मत न ठरलेले बारा मतदार हवे होते. शेजारच्या गिरिजाने काकूंचं नाव परस्पर कळवून टाकलं.

स्टुडिओत डिबेट बघताना प्रत्येकाच्या हातात रेडिओला असतो तसा एक नॉब दिला होता. बोलणं आवडलं तर उजवीकडे फिरवायचा, नाही तर डावीकडे. काकूंनी तो बाजूला ठेवला आणि वही काढली. दीड तास त्यांचा हात थांबला नाही. इन्शुरन्सवर दोघंही उमेदवार बोलले. पण नोकरी गेलेल्या माणसाने मधल्या काळात आजारी पडायचं की नाही, याचं उत्तर काकूंना त्यात सापडेना.

डिबेट संपल्यावर कॅमेऱ्यासमोर त्यांनी वहीतून दोघांची वाक्यं वाचून दाखवली. मग संजीवचं सांगितलं. शेवटच्या दिवशीही तो खर्चापायी ॲम्ब्युलन्स नको म्हणत होता, हे त्यांनी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलाखत घेणारी बाई कागद आवरू लागली. उठता उठता तिने विचारलं, स्टेजवर कोण कसा दिसला? काकू म्हणाल्या, दुसरा जरा दमलेला वाटला.

बातम्यांत तेवढंच आलं. चार सेकंद. त्यावर तज्ज्ञ म्हणवणाऱ्या तिघांनी त्या दमणुकीचा अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी गिरिजा आली. “काकू, कसल्या भारी दिसलात! आणि बरोबर बोललात, दमलेलाच वाटला तो.”

“तू डिबेट पाहिलीस?”

“नाही, मीटिंग होती. तुमची क्लिप पाहिली.”

“मग तुला तो दमलेला कसा वाटला?”

गिरिजाने ते हसण्यावारी नेलं. काकू मात्र संतापल्या, आणि तो संताप एकट्या गिरिजावर नव्हता. रजा टाकून त्या चॅनेलच्या ऑफिसात गेल्या. प्रोड्यूसरने अदबीने बसवलं. लोकांना धोरणं ऐकायला वेळ नसतो, म्हणाला. माणूस कसा दिसतो हीसुद्धा बातमीच असते.

“माझा नवरा तुम्ही कापलात, ते मी गिळेन,” काकू म्हणाल्या. “पण कोणाला मत द्यायचं हे मी ठरवायच्या आत तुम्ही माझ्या तोंडाने दुसऱ्यांना सांगितलंत.”

त्याने शांतपणे विचारलं, “पण ते शब्द तुमचेच होते ना?”

होते. कोर्टात अकरा वर्षं काढलेल्या बाईला ते नाकारता येईना. पार्किंगमध्ये गाडीत बसून त्या रडल्या, आणि रडू आल्याचाही त्यांना राग आला.

घरी येऊन त्यांनी अख्खी वही टाइप केली. एक्केचाळीस पानं. वर एक ओळ: ‘दमलेला वाटला हे मी म्हटलं होतं. दोघं काय म्हणाले, ते खाली आहे.’ वीस प्रती काढून अपार्टमेंटच्या सामायिक लाँड्री रूममध्ये ठेवल्या. मशीनमध्ये कपडे वाळेपर्यंत लोकांना बसावंच लागायचं. बऱ्याच प्रती तशाच राहिल्या, दोन-तीन कोणीतरी कचऱ्यात टाकल्या. पण रविवारी गिरिजा एकोणिसावं पान खुणेसाठी दुमडून आली आणि तासभर भांडली. तिला पहिल्याचं म्हणणं पटलं होतं, काकूंना नाही. त्या दिवशी काकूंनी तिला जेवायलाच बसवून घेतलं.

चॅनेलला त्यांनी सहा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. २००८ मध्ये मात्र तिथून फोन आला: या वेळी पुन्हा याल का? काकू म्हणाल्या, येईन, पण माझं बोलणं न कापता दाखवा. विचारून कळवतो, असं पलीकडचा म्हणाला. त्याने कळवलं नाही.