माझ्या आवाजातला नकार

भूतपिशाच्चांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे. तरीही हे लिहिणे भाग पडले, कारण मागच्या अंकात ह्याच सदरात माझ्या पुतण्याने माझी हकीकत छापून आणली — "आबा मुंबईतल्या इंग्रजीला बिचकले, स्वतःच नकार दिला आणि मग ही अमानवीय कथा रचली." हे धादांत असत्य आहे. तेव्हा तो जन्मलाही नव्हता!

साठच्या दशकाची अखेर होती. एम.एस्सी. होऊन मी जळगावच्या एका महाविद्यालयात डेमॉन्स्ट्रेटर होतो. पिंप्राळ्यात आईसह राहत होतो. मुंबईच्या एका संशोधनसंस्थेत माझ्या सरांकडे पीएच.डी.ची एकच जागा निघणार होती. "निघाली की ट्रंक कॉल करीन. होकार तिथल्या तिथे हवा," असे त्यांनी बजावले होते. आमच्याकडे फोन कुठला? डाळीचे व्यापारी असलेल्या शेठजींच्या दुकानाचा नंबर मी दिला. आई म्हणाली, "जाय भाऊ. मना घोर करू नको."

कॉल आला त्या दुपारी मी धुळ्यात होतो, प्रात्यक्षिक परीक्षेचा बाह्य परीक्षक म्हणून. मुलांच्या विजेच्या जोडण्या तपासत होतो. अख्खी बॅच साक्षीला होती. संध्याकाळी एस.टी.तून उतरून दुकानावरून घरी चाललो होतो, तर शेठजी गादीवरूनच ओरडले, "मास्तर, केवढी मोठी जागा सोडली हो!"

"कोणी सोडली?"

"तुम्हीच की! निरोप द्यायला माणूस धाडणार, तोच तुम्ही दारात. फोनवर म्हणालात, 'मला जमणार नाही, दुसऱ्याला घ्या.'"

"मी धुळ्यात होतो!"

"डाळीतला खडा लांबून ओळखतो मी, मास्तर. तुम्हाला नाही ओळखणार?"

घरी न जाता मी तडक मुंबईची रात्रीची गाडी पकडली. जागा दुसऱ्याला दिली गेली होती. सर म्हणाले, "मी पुन्हा पुन्हा विचारले. आवाज तुझाच होता. आता हे नाटक कशाला?" ज्यांच्या शब्दावर मी सारे भविष्य टांगले होते, त्यांनीच मला खोटारडा ठरवले.

गावात आणखी एक कथा फिरते, की शेठजींनी कोणा नकलाकाराला उभे केले. तीही खोटी. कारण पुतण्याला ठाऊक नसलेली गोष्ट पुढेच आहे...

दुसऱ्या दिवशी रात्री परतलो तेव्हा आई खापरावर पुरणाचे मांडे टाकत होती. इतकी प्रसन्न मी तिला कधी पाहिली नव्हती.

"आज मांडे कशाला, माय?"

"कशाले म्हणजे? काल दुपारले जेवता जेवता तूच म्हणना ना, 'माय, मी तुले सोडीसन नही जासू'! बठ्ठी भाजी खाई टाकी तू!"

मी तिला सोडून जाणार नाही, म्हणून हा आनंद? मला 'जाय' म्हणणारी हीच का ती? मी जगाशी भांडलो, आजही भांडतो आहे. तिला मात्र कधी सांगू शकलो नाही, की तो मी नव्हतो.

माझ्या पानावर जेवून, माझ्या आवाजात माझी वाट बंद करून गेलेला तो कोण, ह्याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. पुतण्यापाशी असेल तर त्याने ते छापावे. आई शेवटच्या आजारपणातही माझा हात धरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मना पोऱ्या मले सोडीसन नही गया."

हात माझा होता. कौतुक त्याचे चालले होते.