वडिलांचा आवाज साफ केला

माझे वडील दोनदा गेले. पहिल्यांदा दम्यानं. दुसऱ्यांदा, मी क्लास लावला म्हणून.

क्लास परभणीला, एका मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत होता. गाणं रेकॉर्ड कसं करायचं, मग साफ कसं करायचं, हे तिथं शिकवत. मला गाण्यांचं भारी वेड. पेडगावात माझ्या पिठाच्या गिरणीत दळण कमी आणि गाणी जास्त वाजतात. सुराच्या बाबतीत मात्र सगळा अंधार. पहिल्याच दिवशी सरांनी पेटीच्या दोन पट्ट्या दाबून विचारलं, "यातला वरचा सूर कोणता?"

"दोन्ही चांगले हायत, सर."

(त्यानंतर सरांनी मला प्रश्न विचारणं सोडून दिलं.)

तेवढ्यात वडिलांचं, म्हणजे आबांचं, वर्षश्राद्ध आलं. त्यांचा आवाज फक्त आईच्या मोबाईलमध्ये उरला होता. अंगणात शेळ्यांजवळ बसून म्हटलेला एक अभंग; मधेच खोकला, मधेच शेळ्यांवर ओरडणं. मी म्हणालो, "आई, हे साफ करून आणतो. मांडवात लावू."

"नीट हाय की ते."

"लय खरखर हाय त्याच्यात."

आईनं मोबाईल पुढं केला, पण लगेच सोडला नाही. मी अभंग पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि क्लास गाठला.

सरांनी शिकवलं होतं, नको असलेल्या आवाजाचा एक तुकडा कॉम्प्युटरला दाखवायचा. तसला आवाज तो सगळीकडून पुसून काढतो. मी वडील शेळ्यांवर ओरडतात तो तुकडा पडद्यावरच्या उंच रेषांवरून, न ऐकताच शोधला, दाखवला आणि बटण दाबलं. सर म्हणाले, "एकदा पूर्ण ऐकून घ्या." मी मान डोलावली आणि ऐकलं नाही. वर्षभर तो आवाज ऐकायची माझी हिंमतच झाली नव्हती. घरात आईनं लावला की मी गिरणीत जाऊन बसायचो.

मांडवात पाहुणे हात जोडून बसले. आत्यानं तर आधीच पदर डोळ्याला लावला. मी भोंगा सुरू केला.

"म्यॅऽऽ."

काका माझ्याकडं वळले. "हे सुरुवातीचं संगीत हाय का रं?"

"हां काका. आता येतेतच आबा."

आबा आले नाहीत. एका मागोमाग एक शेळ्या आल्या, इतक्या स्वच्छ की पाहुण्यांतले दोघं मागं वळून बघायला लागले. आत्याला रडावं का थांबावं कळेना.

"अरे, दादा कुठं हाय ह्याच्यात?" काका म्हणाले. "नुसत्या शेळ्याच वरडायल्यात की."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी कचरा म्हणून दाखवलेल्या तुकड्यात ओरडत होते ते वडील! कॉम्प्युटरनं इमानदारीत त्यांनाच झाडून काढलं होतं. लोक हसू दाबत होते. मी घाईघाईनं शेळ्या बंद केल्या.

आई उठली. आपला मोबाईल काढून तिनं माईकला लावला. आधी खोकला आला. मग, "गप की गं, म्हणू दे मला." मग अभंग. मी सगळ्यांदेखत लहान पोरासारखा रडलो.

अभंग संपल्यावर आई मला म्हणाली, "त्या क्लासवाल्याला म्हणावं, शिकवलेलं परत घ्या."

मी अजून क्लासला जातो. आईनं मोबाईल ट्रंकेत ठेवून कुलूप लावलंय. किल्ली कुठं असते, हे मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक आहे.