नावाचा गुत्तेदार, कामाचा गुत्तेदार

नालीचं पाणी कुठं तुंबलंय हे बघणारी माणसं कुठल्याही गावात भेटतील. पण ती नाली नक्की कुणी बांधली, या विचारानं जेवण न गेलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. गाव धाराशिव जिल्ह्यातलंच. नाव सांगत नाही, कारण तिथली नगरपालिका इतरांपेक्षा काही वाईट नव्हती. उगाच तिच्या एकटीच्या माथी खापर नको.

मामा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनं करतात, गुडघ्यांची औषधं बदलून बघतात. मामांनी माहितीच्या अधिकारात नगरपालिकेच्या कामांच्या याद्या मागवल्या आणि कॉम्प्युटरवर एक भलाथोरला तक्ता मांडायला घेतला. गुत्तं, म्हणजे कामाचं कंत्राट, कुणाच्या नावानं निघालं, त्यानं ते पुढं कुणाला दिलं, त्या दुसऱ्यानं आणखी कुणाला, आणि शेवटी घमेलं कुणाच्या डोक्यावर आलं. गावातले सगळे समाज, सगळ्या गल्ल्या, बाया आणि पुरुष या कामांत कुठं आहेत आणि कुठं नाहीत, हे त्यांना बघायचं होतं. पहिलं नाव कागदावर मिळायचं. पुढची नावं कुठंच लिहिलेली नसायची. ती मिळवायला मामा डोक्याला रुमाल बांधून खड्ड्याखड्ड्यापाशी जाऊन उभे राहायचे. मुकादमांना ते साहेब वाटायचे, मजुरांना पत्रकार, आणि मामींना वेड लागलेले.

ही सवय मग आवरेना. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि वधूपिता गायब. मी शोधत गेलो, तर मंडपामागं भांडी घासणाऱ्या बायांजवळ उकिडवे बसलेले. "जावई," मला बघून म्हणाले, "आपण जेवणाचं काम लातूरच्या माणसाला दिलं. त्यानं ते बेंबळीच्या माणसाला दिलं. आणि या बाया निघाल्या आपल्याच मागच्या गल्लीतल्या."

"मामा, अक्षता," मी म्हणालो.

"आलोच. यांचं आडनाव तेवढं विचारतो."

एकदा याद्यांमध्ये गुत्तेदार म्हणून बऱ्याच बायकांची नावं सापडली, तेव्हा मामा इतके हरखले, की त्यातल्या एका बाईंचा सत्कार करायला मामींना घेऊन, शाल-नारळ घेऊन तिच्या घरी गेले. बाई गच्चीवर पापड वाळत घालत होती. "नाली?" ती म्हणाली. "मला काय ठाऊक न्हाय बघा. मालक म्हणले इथं सही कर, म्या केली." तिनं दोघांना पोहे करून घातले. मामांनी शाल तिच्या अंगावर घातलीच. परतताना मामी म्हणाल्या, "बरं केलंत. बिचारीला कुणी शाल घातली असंल याच्याआधी?"

विमलबाई त्यांना भेटली ती त्यानंतर. ओढ्याच्या काठाला दगड बसवायचं काम चाललं होतं. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या घरातली विधवा बाई, दीर-जावांची टोळी स्वतः चालवायची. पण गुत्तं दुसऱ्याचं, आणि त्यानं ते घेतलेलं तिसऱ्याकडून. मामांनी तिच्या मागं धोशाच लावला, की तुम्ही स्वतःच्या नावावर काम घ्या. ती म्हणायची, "सर, मला सही येती. धीर येत न्हाय."

"धीर मी देतो. सही तुम्ही करा."

गुत्तेदार म्हणून तिची नोंदणी करायला त्यांनी एस.टी.नं धाराशिवला इतके खेटे घातले, की कंडक्टर त्यांची जागा धरून ठेवायचा. शेवटी मुलींच्या शाळेच्या कुंपणभिंतीचं काम विमलबाईच्या नावावर निघालं. भिंत झाली, सुरेख झाली. पाटीवर तिचं नाव लागलं, आणि त्या पाटीशेजारी मामा नवऱ्या मुलासारखे उभे राहून फोटो काढून आले.

मग काहीच झालं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. नुसतं तिच्या टोळीला कामावर बोलावणं बंद झालं. नगरपालिकेनंही लहान कामं काढायची सोडून सगळ्यांचं मिळून एकच मोठं काम काढलं, जे तिच्या आवाक्यातलं नव्हतं. गावातला मोठा गुत्तेदार मामांचाच विद्यार्थी. मामा त्याच्या दारात गेले. त्यानं पाया पडून खुर्ची दिली, चहा दिला. "सर, ती बाई आता मालकीण झाली," तो नम्रपणे म्हणाला. "मालकिणीला दगड उचल म्हणून कसं सांगावं?"

पावसाळा संपता संपता विमलबाईनं टेम्पोत भांडी भरली. निघताना ती मामांकडं आली, तेव्हा मी तिथंच होतो. "पुण्याकडं जाताव, सर. तिकडं काम हाय म्हणत्यात."

"माझ्यामुळं झालं हे," मामा म्हणाले.

"तसं म्हणू नका. भिंत माझ्या नावाची झाली की."

त्या वर्षीचा तक्ता मामांनी पुरा केला. स्वतः काम करणारी बाई गुत्तेदार, या रकान्यात आदल्या वर्षी एक होता. तिथं त्यांनी शून्य टाकलं, कॉम्प्युटर बंद केला, आणि पुन्हा लावल्याचं मी पाहिलं नाही. रस्ता खोदलेला दिसला तर ते पलीकडनं जायचे.

फक्त एकदा, कुणाला न सांगता, ते पुण्याला गेले. विमलबाई एका मोठ्या इमारतीच्या कामावर, पत्र्याच्या खोलीत राहत होती. परत आल्यावर मला म्हणाले, "माफी मागायला गेलो होतो, जावई. तिनं भाकरी वाढली. मामींचे गुडघे कसे आहेत, विचारलं. मला ते बोलताच आलं नाही. स्टँडवर सोडायला आली, खिडकीपाशी उभी राहिली. परत गावाला चला, असं म्हणावंसं वाटलं. पण कशाच्या भरवशावर म्हणू?"

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. बारावं झाल्यावर मी विमलबाईला फोन लावला. मागं यंत्रं चालू होती. तिला नीट ऐकू येईना म्हणून ती कुठंतरी आडोशाला गेली. मी सांगितलं.

"त्या दिवशी सर निम्मीच भाकरी खाऊन उठले," ती म्हणाली. "पुन्यांदा या, पोटभर जेवा, म्हणलं हुतं. व्हय म्हणले हुते."