आधी यू आर राइट

लॉकडाऊनमध्ये मी रॉटरडॅमच्या घरातून दर शनिवारी इंग्लिश संभाषणाचा ऑनलाइन वर्ग घ्यायचे. वर्गाच्या शेवटी दोघा विद्यार्थ्यांचा वादविवाद असायचा. जवळच्या ब्रेडा शहरातून एक काकू वर्गाला असायच्या. भारतातून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या. स्क्रीनवर मुलाचं नाव दिसायचं, त्यामुळे त्यांचं नाव मला कधी कळलंच नाही.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला नातीशी भांडायचंय. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते फक्त इंग्लिश."

बोलण्याआधी त्या सावकाश चष्मा पुसायच्या. समोरच्याचा मुद्दा कितीही चुकीचा असो, आधी हसून म्हणायच्या, "यू आर राइट." मग "बट" म्हणून त्याला पार धुऊन काढायच्या.

मी वैतागायचे. "अहो काकू, वादात समोरच्याला बरोबर म्हणायचं नसतं!"

"अगं, दारात आलेल्याला आधी पाणी द्यावं. मग काय ऐकवायचं ते ऐकवावं."

एका शनिवारी विषय होता, मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचं असावं का. काकू हेल्मेटच्या बाजूने रंगात आल्या होत्या. तेवढ्यात त्यांची सात वर्षांची नात कॅमेऱ्यासमोर घुसली आणि कमरेवर हात ठेवून चक्क अर्धं मराठीत म्हणाली,

"यू आर राइट, आजी. बट माझ्या वर्गात कुणीच नाही घालत!"

काकूंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "यू आर राइट," एवढंच म्हणाल्या. त्यापुढे त्यांचं 'बट' काही आलं नाही.