मातीवर घातलेली मॅट

घाटकोपरच्या आमच्या कबड्डी मंडळाची सभा नेहमीप्रमाणे मैदानातच, मातीवर बसून झाली. उपनगराचा स्वतःचा व्यावसायिक संघ असावा आणि त्यासाठी एका कंपनीला आपले मैदान कायमचे द्यावे, असा ठराव होता. मी विरोध केला.

"संघ आपला म्हणता, मग आपली पोरं खेळणार कुठे?"

"अहो काका, टीव्हीवर घाटकोपरचं नाव येईल ना!" चिटणीस म्हणाला. "आणि तुमचे गुडघे बघा. तुम्हाला कुठे आता चढाईला जायचंय?"

सभा हसली. विरोधात माझा एकट्याचा हात वर गेला.

संघ आला. खेळाडू सगळे बाहेरून आणलेले. मंडळाचा एकही नव्हता. रोज संध्याकाळी पाणी मारून आम्ही जपलेल्या मातीवर मॅट पसरली गेली. भोवती पत्रे उभे राहिले, फाटकावर पहारेकरी बसला. आमचा सराव बंद पडला आणि मुले पांगली.

पहिल्या सामन्याच्या मध्यंतरात आम्हा जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. मैदानात उतरताना मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही आमची रीत. चिटणीस सवयीने वाकला, मॅटला हात लावला आणि कपाळाशी नेता नेता थांबला. तळहात कोरडा, स्वच्छ होता.

"काका," तो हळूच म्हणाला, "मैदान परत मागता येईल का हो?"

"नाही," मी म्हणालो.

शाल खांद्यावर पडली, तेव्हा टाळ्या वाजत होत्या.