पडद्यापलीकडून ऐकलेला व्यायाम

मानेच्या पेशंटला मान हलवता येत नाही, तोंड मात्र मोकळं असतं. नव्वदच्या आसपास काही वर्षं मी धुळ्याच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. किस्से गोळा करावे लागले नाहीत, आपोआप साठले.

*

आमच्याकडे ट्रॅक्शन होतं. हनुवटीला पट्टा बांधायचा, कप्पीवरून वजन सोडायचं आणि मान हळूहळू ओढायची. भडगावच्या आबांनी वजनाकडे पाहिलं आणि त्यांना अपमानच वाटला.

"इतलंच? ताई, मी त गोणी उचलस."

"आबा, गोणी पाठीवर असते. ही मान आहे."

पुढच्या खेपेला आबा घरून तराजूचं पाच किलोचं माप घेऊन आले.

*

साक्रीच्या अक्का शेकाच्या मशिनवर वीस मिनिटं बसल्या. लाईट सुरुवातीलाच गेली होती, हे मला नंतर कळलं. ओशाळून सांगायला गेले, तर त्याच म्हणाल्या, "आज भलतं बरं वाटनं. रोज असाच शेक दे, माय."

मला हसू आलं नाही, वाईटच वाटलं. घरी त्यांना वीस मिनिटं कोणी बसू देत नसणार.

*

माझा भर व्यायामावर, आमचे डॉक्टर वजनवाले. एकदा म्हणाले, "महिनाभर दोन्ही करून बघू. व्यायाम सरस ठरला नाही, तर तुमच्या व्यायामाच्या हॉलचं स्टोअर करायचं." हॉल गेला असता तर मी नुसती पट्टे बांधणारी उरले असते.

चिठ्ठ्या टाकून पेशंट वाटले. हॉलमध्ये मधोमध पडदा लावला. अलीकडे व्यायाम, पलीकडे वजन. महिनाअखेरीस दोन्हीकडचे सारखेच बरे! मला काही सुधरेना.

मग वजनाकडचे शिंपी नाना सहज बोलून गेले, "ताई, तुम्ही पडद्यापलीकडून ओरडायच्या ना, 'हनुवटी आत, पाच मोजा', ते आम्ही बठ्ठे जण घरी करायचो."

माझ्याच आवाजानं माझा हॉल घालवला होता. मी डॉक्टरांना सांगितलं. "आता सांगून काय उपयोग?" म्हणाले आणि स्टोअरचं सामान हॉलमध्ये हलवायला माणसं बोलावली. तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली, तर मान न वळवता ते अख्खे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले, तर सामान हॉलच्या दाराबाहेरच पडलेलं. आत भिंतीला पाठ टेकून डॉक्टर उभे होते. समोर गळ्यात टेप अडकवलेले शिंपी नाना.

"हनुवटी आत, साहेब. पाच मोजा."