राहनाळच्या शेतातले वाळे

मला जमिनीतलं शोधायचा नाद लागला तो एका कुडीमुळे. चार वर्षांपूर्वी कोन गावात, माझ्या सासरी, आमच्या अंगणात माझ्या कानातली कुडी पडली. दोन दिवस माती चाळूनही मिळेना, तेव्हा रागारागाने मी मोबाइलवरून एक मेटल डिटेक्टर मागवला. "कुडीपेक्षा मशीनच महाग पडली," नवरा म्हणाला. मशीनने पाच मिनिटांत तुळशीच्या मुळाशी कुडी दाखवली. परत पाठवायला दहा दिवसांची मुदत होती, पण मी काही ती परत पाठवली नाही.

मी भिवंडीत एका शाळेत विज्ञान शिकवते. आठवडाभर मुलांवर ओरडून झालं की रविवारी सकाळी कानाला हेडफोन लावायचा आणि ओहोटीच्या वेळी खाडीच्या काठाने फिरायचं, यात मला जी शांतता मिळते ती देवळातही मिळत नाही. लोखंड आलं की मशीन गुरगुरते, आणि आमच्याकडे लोखंडच फार. पॉवरलूमचे नटबोल्ट, होड्यांचे खिळे, कसलेकसले पत्रे. चांदीचा आवाज मात्र उंच आणि स्वच्छ असतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. पुलावरून लोकांनी टाकलेली नाणी मिळायची, क्वचित भोकाचा पैसा, एकदा एक अंगठी. हे सगळं मी पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचे.

एकदा स्मशानाजवळच्या चिखलात एकच जोडवं मिळालं. ते कुणाच्या पायातून कधी उतरलं असेल ते कळायला फार डोकं लागत नव्हतं. आठवडाभर ते खोक्यात होतं आणि आठवडाभर मला धड झोप आली नाही. पुढच्या रविवारी जिथलं तिथे नेऊन पुरलं. नवऱ्याला बोलले नाही. विज्ञानाची बाई म्हणून त्याने मला जन्मभर चिडवलं असतं.

माझ्या आईला ही मशीन डोळ्यांसमोर नको असायची. राहनाळला माहेरी गेले की ती मला मशीन गाडीतच ठेवायला लावायची. "ज्याचं हरवलं तो अजून शोधत असंल," ती म्हणायची. "आपुन कशाला मधी पडायचं?"

त्यामुळे गेल्या मे महिन्यात तिने आपण होऊन विचारलं तेव्हा मी चमकलेच. आमच्या शेताच्या चारी बाजूंना गोडाऊनं उभी राहिली होती आणि मधला आमचा तुकडाही धाकट्या भावाने गोडाऊनलाच दिला होता. सोमवारपासून डंपर लागून मातीचा भराव पडणार होता. मी बुधवारी गेले तेव्हा आई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुजी ती मशीन चांदी दावते काय गो?"

"दाखवते. का?"

माझ्या आधी एक मुलगी झाली होती आणि गेली, एवढंच मला माहीत होतं. त्या दुपारी आईने बाकीचं सांगितलं. सात महिन्यांची होती, नुकती बसायला लागली होती. तीन दिवस तापाने फणफणली आणि गेली. दात न आलेलं मूल आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. वडील आणि थोरले काका तिला आईच्या लुगड्यात गुंडाळून शेतात घेऊन गेले. तिच्या पायांत चांदीचे वाळे होते, आईच्या माहेरून आलेले. आजीने ते काढायला हात घातला तेव्हा आईने तिचा हात धरला. सासूचा हात धरायची तिची ती पहिली आणि शेवटची वेळ.

जागा तिला कुणी सांगितली नाही. पुरायला बायका जात नाहीत. आईला जागा कळली तर तिचा जीव तिथेच घुटमळतो आणि पुढचं मूल राहत नाही, म्हणून ती सांगायची नसते. वडील बारा वर्षांपूर्वी गेले, तेही न सांगताच.

"बांधाला पुरली का मधी, मना म्हाईत न्हाय," आई म्हणाली. "लावनीला वाकली का वाटं, हितं तर नसंल? एवढी वरसं लावनी केली, पन त्या शेतात पाय दाबून कदी ठेवला न्हाय."

ती सुकट निवडतच होती. "आता वर भराव पडंल. त्याच्या आदी मना जागा दाव. एकदा हात लावीन. बाकी काय नको."

मला रडू आलं आणि रागही आला. वडिलांचा, काकांचा, त्या रीतीचा, आणि आईचासुद्धा, की हे सांगायला तिला भराव पडायची वेळ यावी लागली.

गुरुवारपासून मी शेतात होते. सुतळी बांधून शेताचे पट्टे पाडले आणि एकेक पट्टा पालथा घातला. माझी मशीन वीत-दीड वीत खोल बघते. पण इतक्या वर्षांत वरची माती वाहून गेली असेल, अशी मी माझी समजूत घातली. भाऊ येऊन म्हणाला, "ताई, गावात बोभाटा करू नकोस हां. असलं काही निघालं तर काम अडकेल." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या गोडाऊनचे हमाल डबा खाताना बघत बसायचे. एकाने विचारलं, "मॅडम, खजाना है क्या?" मी म्हटलं, "हां, है."

तीन दिवसांत मला विळ्याची दोन मोडकी पाती मिळाली, पंपाचे बोल्ट, वीस पैशांचं एक नाणं आणि बाटल्यांची झाकणं. अॅल्युमिनियमचं झाकणही उंच आवाज देतं. प्रत्येक झाकणाला मी गुडघ्यांवर बसून खुरप्याने माती उकरली. संध्याकाळी शेतातून आले की आई आधी माझ्या हातांकडे बघायची.

शनिवारी संध्याकाळी मी थोरल्या काकांकडे गेले. ते नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले, मागच्या आळीत मुलाकडे असतात. थोरल्या दिरासमोर उभं राहून आई जन्मात बोलली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. मी मुलगी, मी विचारू शकत होते.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाले न्हाय मिलनार तुला. पायांत ठेवलेच कुटं? मीच काढले."

"का?"

"चांदी हाय म्हटल्यावर कुनी उकरील, म्हनून."

कुणी म्हणजे मी. पन्नास वर्षांनी मशीन घेऊन उकरायला मीच गेले होते.

"मग गेले कुठे ते वाळे?"

काकांनी माझ्या पायांकडे बघितलं. "तू झालीस तवा तुज्या बापानं सोनाराकडून उजलून आनले. घुंगरू लावून घेतले, तुज्या आयेनं वलखू नयेत म्हनून."

"आणि जागा?"

 काका हात उचलून हवेत काहीतरी दाखवायला लागले आणि मग तो खाली टाकला. "एक बांध व्हता तितं. तो बांधच मोडला ना मंग. न्हाय सांगता येत, पोरी."

कोनला परत येताना मी गाडी दोनदा बाजूला घेतली. मी वर्षाची असतानाचा एकच फोटो आहे, त्यात पायांत ते वाळे आहेत. माझ्या मुलीच्या बारशाच्या फोटोतही आहेत. मी चालायला लागले ती त्या वाळ्यांत, आणि आई माझ्या पायांतले घुंगरू ऐकत ओटीवर बसायची असं ती स्वतःच कितीदा सांगते. मला माझ्या घोट्यांना हात लावायची भीती वाटत होती. आणि आता शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मशीन धातू ओळखते. सात महिन्यांच्या बाळाची हाडं ती ओळखत नाही.

घरी पोहोचल्यावर कपाटातून वाळे काढले. पक्कड घेऊन एकेक घुंगरू उपटला आणि राहिलेल्या कडा कानशीने घासल्या. मग चार अंडी उकडली, त्यांचा पिवळा बलक कुस्करला आणि वाळे त्यात घालून डबा घट्ट लावला. अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. वडिलांनी एक खोटं करून ठेवलं होतं. ते मी घुंगरांबरोबर काढून टाकलं आणि त्याच जागी माझं स्वतःचं बसवलं. रविवारी सकाळी डबा उघडला तेव्हा वाळे पन्नास वर्षं मातीत असल्यासारखे काळेकुट्ट झाले होते.

आई उठायच्या आत मी शेतावर जाऊन ते पूर्वेच्या कोपऱ्यात वीतभर खाली पुरले, वर पाणी मारलं, माती दाबली आणि पालापाचोळा पसरला. कोपऱ्यात भेंडीचं एक झाड होतं, भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी वाढणारं मोठं झाड. जागा निवडताना मी फक्त सावली बघितली. आई म्हातारी आहे, तिला उन्हात बसवायचं नव्हतं.

नऊ वाजता तिला घेऊन गेले. हेडफोन काढून ठेवला, म्हणजे तिलाही ऐकू यावं. कोपऱ्यात मशीनने उंच, स्वच्छ आवाज दिला आणि आईने माझा दंड धरला. मी खुरप्याने माती काढली. आधी एक वाळा आला, मग दुसरा.

आईने पदराने पुसून त्यांच्यावरून सगळीकडून अंगठा फिरवला. 

"घुंगरू न्हवतेच तिच्या वाल्यांना," ती म्हणाली. "हेच ते."

मग ती खाली बसली. तळहात जमिनीवर सपाट टेकवला आणि हळू आवाजात म्हणाली, "आले गो बाय मी. लय उशीर झाला."  मी दुसरीकडे तोंड करून उभी राहिले. मला तिच्या पायांवर पडून सगळं सांगावंसं वाटत होतं आणि मी सांगितलं नाही. वाळे खरे होते, एवढाच आधार मी स्वतःला देत होते.

उठताना तिने ते माझ्या हातात दिले. "घाल परत. तिचे हायेत." मी ते खड्ड्यात ठेवून माती लोटली.

सोमवारी आईने हट्ट धरला की भराव पडताना ती स्वतः तिथे असणार. भावाने रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दिली. आईनेच सांगितलं म्हणून पहिला डंपर भेंडीच्या कोपऱ्यात रिकामा झाला. तिने हात जोडले, डोळे पुसले आणि भावाला म्हणाली, "झालं माजं. आता घाला बिनधास." इतकं हलकं तिचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर दिवसभर डंपर येत राहिले. आई त्या कोपऱ्याकडे बघत चहा पीत होती. मी तिच्या मागे उभी राहून उरलेल्या सगळ्या शेताकडे बघत होते, आणि डंपर त्याच्यावरून जात-येत होते.